आमच्या चाळीची पूजा

दरवर्षी २६ जानेवारीला आमच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा असते. लालबाग-परळच्या कितीतरी चाळींची पूजा याच दिवशी. कामगार माणसाला हक्काची सुट्टी कधी, तर झेंडावंदनाच्या दिवशी. मी १९८४ साली लग्न होऊन इथे आले, तेव्हा गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि अर्ध्या खोल्यांत पगार येत नव्हता. तरी वर्गणी थांबली नाही. ज्यांना पैसे जमले नाहीत त्यांनी रव्याची पुडी दिली, कुणी चार नारळ दिले. वहीत तेही रीतसर लिहिलं गेलं: खोली नंबर इतका, नारळ चार. पुढे ती वही माझ्याकडे आली. माझं अक्षर बरं म्हणून आधी पावत्या लिहायला बसवलं, मग खजिनदारच केलं.

सकाळी चौकात झेंडा, मग पोरांचे खेळ. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पोत्यात पाय घालून शर्यत. दुपारी आम्हा बायकांचं हळदीकुंकू. संध्याकाळी केळीचे खांब बांधलेल्या चौरंगाशी त्या वर्षी लग्न झालेलं जोडपं पूजेला बसतं. रात्री भजन. आमची निम्मी चाळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाची, त्यामुळे बुवा गावाकडून येतात, पखवाज चाळीतलाच. मी नवी होते तेव्हा चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. गर्दी एवढी की पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसायची. त्यांना नावं उलटी दिसायची, पण उठून कुणी जात नसे.

आणि शिरा. अठ्ठेचाळीस खोल्या, त्यांचे पाहुणे, शेजारच्या चाळीतली माणसं, अशा सगळ्यांसाठी सव्वा सात किलो रवा. सात नंबरच्या काकी तो करायच्या. त्यांच्याकडे एक पितळी माप होतं, त्याच मापानं रवा, त्याच मापानं साखर, त्याच मापानं तूप. किती मापं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या होत्याच ना.

मला या दिवसातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते भजन संपल्यानंतरचं. रात्रीचा एक वाजलेला असतो. सतरंज्या गोळा करायला म्हणून दहा-बारा जण मागे राहतात आणि त्याच सतरंज्यांवर फतकल मारून बसतात. उरलेल्या दुधाचा चहा होतो. पुनर्विकास कधी, गिरणी कामगारांच्या घरांची लॉटरी कुणाला लागली, कुणाच्या मुलीचं जमतंय, असं बोलणं पहाटेपर्यंत चालतं. २०२० साली २६ जानेवारी रविवारी होती, म्हणून बैठक जरा लवकर उठली. त्या रात्री कुणीतरी म्हणालं, चीनमध्ये कसलातरी ताप आलाय. आम्ही ऐकलं आणि पुन्हा पुनर्विकासावर आलो.

दोन महिन्यांत सगळं बंद. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळे गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. त्या रात्रीपासून लोकल थांबल्या. करी रोडच्या बाजूनं येणारा गाडीचा आवाज चाळीतल्या माणसाला ऐकू येत नाही, इतका तो अंगात मुरलेला असतो. तो थांबला आणि आम्हाला झोप लागेना. २५ मार्चला पाडवा होता. गुढ्या उभ्या राहिल्या, पण श्रीखंडाचं एकही पातेलं या दारातून त्या दारात गेलं नाही. एप्रिलअखेर पहिल्या माळ्यावर पेशंट निघाला. फाटकाला बांबू बांधले आणि चाळ सील झाली. भाजीसाठी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायची आणि वर ओढायची. दहा बाय बाराची खोली, आत सहा माणसं, माळ्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. टीव्हीवर अंतर ठेवा म्हणायचे. कुठे ठेवायचं?

एक गोष्ट मला लिहायचीच आहे. आमच्या दुसऱ्या माळ्यावर एक सिस्टर राहते. मोठ्या सरकारी इस्पितळात काम करते, घरी म्हातारी आई. २२ मार्चला आम्ही थाळ्या वाजवल्या तेव्हा ती ड्यूटीवर निघाली होती. खाली चौकात थांबून तिनं वर बघून हात जोडले होते. तीन आठवड्यांनी तिच्या वॉर्डात कोविडचे पेशंट घ्यायला लागले आणि माळ्यावर कुरबुर सुरू झाली. तिनं नळाला हात लावला, तिनं अमुक संडास वापरला. शेवटी मंडळानं एक कागद केला. 'चाळीच्या आरोग्याच्या दृष्टीने आपण काही दिवस अन्यत्र राहण्याची व्यवस्था करावी.' खाली चौदा सह्या. मजकूर मी लिहिला. सातवी सही माझी. कागद तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवला.

ती दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेली. इस्पितळानं तिची एका लॉजवर सोय केली. आईच्या जेवणाचं आम्ही बघू असं सांगितलं होतं, आणि ते बघितलं. पण तीन महिने ती आईला फोनवरच भेटत होती.

त्या वर्षीच्या गणपतीत सरकारनं मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली. आमच्या शेजारच्या लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही. त्याऐवजी आरोग्योत्सव झाला, रक्तदान आणि प्लाझ्मादान. आमची पाच पोरं तिथे रक्त देऊन आली आणि वर येऊन म्हणाली, राजाच्या गल्लीत पहिल्यांदाच रांग न लावता गेलो. हे सांगताना एकाचे डोळे भरले होते. गावी जायचं तर दहा दिवसांचं विलगीकरण होतं. तरी काही जण गेले.

२०२१ ची पूजा पाच जणांत झाली, मास्क लावून. शिरा काकींनी केला, सव्वा किलोचा. दारोदार वाट्या नेऊन ठेवल्या, कडी वाजवून मागे सरकायचं. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत काकी गेल्या. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉन होता. पुन्हा पाचच माणसं, प्रसादाला फक्त केळी आणि साखर.

म्हणून २०२३ ची रात्र. सकाळपासून सगळं होतं तसं सुरू झालं होतं आणि दुपारी चार वाजता शेगडीपाशी आम्ही चौघी बायका रव्याच्या पिशवीकडे बघत उभ्या राहिलो. माप कुठून आणायचं? तेवढ्यात सात नंबरचे काका जिन्यावरून उतरले. हातात ते पितळी माप, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. म्हणाले, "रवा नऊ, साखर सात, तूप सात. चाळीस वर्षं ऐकतोय."

रात्री भजनानंतर एकही माणूस उठून जाईना. दहा-बारांच्या जागी तीस-पस्तीस जण बसले. चहा तीनदा टाकला. आणि कुणी विषय काढला नाही तरी बोलणं तिकडेच गेलं. तीन वर्षांत जे गॅलरीत, नळावर, जिन्यात कुणी कुणाशी बोललं नव्हतं, ते त्या सतरंजीवर बाहेर आलं.

तळमजल्यावरचा डबेवाला भाऊ मावळचा. म्हणाला, "माझ्याकडं तीस डबे होते. आज नऊ आहेत. गिऱ्हाईक मेलं नाही हो, घरी बसलं. साहेब घरून काम करतो, मग डबा कुणाला न्यायचा?" गावी त्यानं भात लावला, भावाच्या शेतावर मजुरी केली. सगळ्यात जास्त काय लागलं म्हणाल तर, सकाळी नऊला पाय आपोआप चालायला लागायचे.

चौथ्या खोलीतली मुलगी २०२० साली दहावीला होती. तिचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला, सरासरीनं गुण दिले. ती मला म्हणाली, "सगळे म्हणाले सुटलीस. मी नकाशे पाठ केले होते, काकी. भारताचा, ब्राझीलचा. अजून पाठ आहेत." आम्ही तिला तिथेच म्हणून दाखवायला सांगितलं. तिनं ब्राझीलच्या नद्या सांगितल्या, आणि रात्री दोन वाजता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या माळ्यावरचे आजोबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. परळच्या हाफकिन संस्थेत, जिथे लशी बनतात तिथे, शिपाई होते. ते बोलायला लागले की आमची पोरं मोबाइल खाली ठेवतात. त्यांचे आजोबा १८९६ च्या प्लेगात मुंबईतच गिरणीत होते. मांडवीत पहिला रोगी डॉक्टर व्हिएगस यांनी ओळखला, तिथून शहर रिकामं व्हायला लागलं. घरात उजेड आणि हवा जावी म्हणून सरकारी माणसं कौलं काढायची, राहायला अयोग्य घरांच्या भिंतींवर अक्षरं रंगवायची. त्यांचे आजोबा आगबोटीनं गावाला पळाले, तर गावकऱ्यांनी वेशीबाहेर मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, ठेवलं. "तेव्हा मांगर, आता शाळा," आजोबा म्हणाले. "आणि साथीचा कायदासुद्धा तोच, १८९७ चा." मग हाफकिनसाहेबानं १० जानेवारी १८९७ ला आपली लस आधी स्वतःला कशी टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपणहून कसे पुढे आले, ते सांगितलं. चाळीत लशीला घाबरणारे बरेच होते. २०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, तेव्हा आजोबा काठी टेकत पहिले गेले होते आणि येऊन दंड उघडा ठेवून गॅलरीत बसले होते. त्या दंडाकडे बघून माझ्यासकट दहा जण गेले. हे उपकार मी त्यांना त्या रात्री बोलून दाखवले.

आणि मग सिस्टर बोलली. ती कोपऱ्यात आईला टेकून बसली होती.

"तो कागद कुणी लिहिला ते मला बघताक्षणी कळलं होतं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "दरवर्षी वर्गणीच्या पावतीवर तेच अक्षर असतं. पण खालच्या सह्या मी वाचल्या नाहीत. तशीच घडी घातली. वाचल्या असत्या तर परत इथे राहता आलं नसतं."

कुणी काही बोलेना. मी उठून तिच्यापाशी जाऊन बसले. "चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. घाबरले होते हे खरं, पण ते तिला सांगायची मला लाज वाटली. कारण घाबरून ती कुठे पळाली नव्हती.

ती म्हणाली, "काकी, मीपण घाबरलेच होते. घरी राहिले असते आणि आईला झालं असतं तर? कागद आला तेव्हा रडले, आणि सुटल्यासारखंही वाटलं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं." तिच्या आईनं तिचा हात धरून ठेवला होता. तो तिनं बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

सगळ्यात शेवटी सात नंबरचे काका. त्यांनी सांगितलं ते थोडकंच. बेड मिळाला, भेट मिळाली नाही. मुलानं किट घालून लांबून नमस्कार केला. "तेराव्याला चार माणसं जेवायला घालता आली नाहीत, एवढं राहिलंय." त्यावर डबेवाला भाऊ म्हणाला, "आज सगळ्या चाळीनं तिच्या मापानं खाल्लं की." काका मान हलवत राहिले.

तेव्हापासून दर पूजेला ही बैठक मोठीच असते. आता पुनर्विकासाचं बोलणंही होतं, लॉटरीचंही. पण कुणीतरी नवं काही सांगतं, जे आधी राहून गेलेलं असतं. गेल्या वर्षी किराणा दुकानात काम करणाऱ्या मुलानं सांगितलं की सील असताना आठ खोल्यांची उधारी त्यानं आपल्या पगारातून मालकाला दिली होती. कोणत्या आठ, ते काही सांगेना. मी वही उघडून बसले, तर म्हणाला, "नका लिहू, काकी."

यंदाच्या पावत्या लिहायला घेतल्या आहेत. पितळी माप माझ्या मांडणीवर आहे, काकांनीच ठेवायला दिलं. काल त्यांच्याकडे गेले तर दरवर्षीसारखे म्हणाले, "पावती तिच्याच नावानं फाडा." दुसऱ्या माळ्यावर सिस्टर दार उघडून उभीच होती. तिनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि तिची पावती तिनं स्वतः लिहिली, वर तिच्या आईचीही. रवा सव्वा सात किलोच सांगितला आहे.