चार रिकाम्या खोल्या आणि सोप्यावरचं बाकडं

पावसाळ्यात आमच्या होमस्टेत कोणी येत नाही, म्हणजे आराम असेल, असं लोकांना वाटतं. भरलेल्या खोलीपेक्षा रिकामी खोली जास्त राबवून घेते. आमचं घर गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या केरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. पेडण्यातली केरी, जिथे समुद्र आहे, ती वेगळी. तरी नकाशा बघून दर वर्षी एखादं कुटुंब येतं आणि 'बीच कुठंय?' विचारून तोंड पाडून जातं.

जुलैत चार-चार दिवस चादर वाळत नाही. वाळली तरी कुबट वास येतो. बायको चुलीवरच्या दोरीवर एकेक चादर टाकते, मग तिला धुराचा वास. इस्त्री फिरवून उरलासुरला ओलावा काढावा, तर वीज गेलेली, आणि इस्त्री इन्व्हर्टरला झेपत नाही. गाद्या पलंगावर आडव्या ठेवल्या तर आठवड्यात खालून काळे ठिपके येतात. म्हणून त्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या, रोज सकाळी पाऊस थोडा ओसरला की सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि सर आली की धावत बंद करायच्या. प्लायवूडच्या कपाटांचं तर नावच काढू नका. सुतार म्हणाला होता, 'वॉटरप्रूफ आहे.' त्याच्या घरी पाऊस पडत नसावा.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास कुत्रा भुंकला. फाटकात बावीस-तेवीसचा मुलगा, नखशिखांत भिजलेला, बंद पडलेली बाइक ढकलत आलेला. म्हापशात कामाला आणि घर बेळगावात. घाटात झाड पडलं म्हणून मागे फिरला होता.

"काका, रात्रीपुरतं काय तर बघा की."

मी आधार कार्ड मागितलं. ते फोनमध्ये, आणि फोनमध्ये पाणी गेलेलं. पाकिटात भिजून चिकटलेल्या नोटांशिवाय काही नव्हतं.

आता माझं ऐका. पाहुण्याची नोंद ठेवावी लागते. परदेशी असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवायची. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या आधार क्रमांकातला एक आकडा माझ्या हातून चुकला, त्यापायी अख्खी सकाळ एका टेबलासमोर उभा होतो. समोरचा साहेब चहा पीत होता आणि मला बस म्हणाला नाही. ती सकाळ त्या रात्री माझ्या डोक्यात होती. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का, ते ठरत नाही.

मुलगा काहीतरी बोलणार, विनवण्या करणार, असं दिसलं. ते टाळायला मी म्हटलं, "आणि खोल्यापण भरल्यात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही. तिने त्याला कुळथाचं सार आणि भात वाढला. पाहुण्यांच्या कपाटातला कोरडा टॉवेल आणि गोधडी मी स्वतः आणून दिली. सोप्यावरच्या बाकड्यावर त्याची झोपायची सोय केली. मग आत येऊन दाराची कडी घातली. आवाज होऊ नये म्हणून हळूच ओढली, पण पावसात फुगलेलं लाकूड, ते करकरलंच. बाहेर त्याचं खोकणं एकदम थांबलं.

रात्रभर पन्हाळीचं पाणी कोसळत होतं. दोनदा उठलो, दोनदा परत आडवा झालो.

सकाळी सातला पाऊस थांबला होता. घाट मोकळा झाल्याची खबर आली. तो पेज पिऊन बाइकशी झटत होता. आणि मी, हात सवयीचे, एकेक करून चारही खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. चौथी उघडल्यावर लक्षात आलं. अंगणातून सरळ आत दिसत होतं. भिंतींना टेकून उभ्या गाद्या, उघडे पलंग, उघडी कपाटं.

त्याने एकदा पाहिलं, मग परत किक मारायला लागला. पाचव्या-सहाव्या किकेला बाइक लागली. टॉवेल घडी करून बाकड्यावर ठेवला होता, गोधडीही. "येतो काका," म्हणाला आणि गेला. पैशांचं त्याने विचारलं होतं, मी नको म्हटलं.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅपवर आधार कार्डाचा फोटो आला, पुढची बाजू, मागची बाजू. खाली एक अक्षर नाही. माझा नंबर फाटकावरच्या पाटीवर आहे, तिथूनच घेतला असणार.

बायको म्हणते, रजिस्टरमध्ये नोंद कर आणि विषय संपव. पण त्यात खोली क्रमांकाचा रकाना आहे.