दोन्ही टोकं डीसीई

नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरी तेव्हा चपला दाराबाहेर आणि चपलांच्या लोखंडी स्टँडवर तीन राउटर, म्हणजे एक नेटवर्क दुसऱ्याला जोडणारे डबे, अशी व्यवस्था होती. वरच्या दोन खणांत सिस्को कंपनीचे २६१०, सगळ्यात खाली एक २५०१. तिन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेले. आधीच्या मालकाचे पासवर्ड त्यांच्यात तसेच होते. सुरू होताना ब्रेकची कळ दाबून, जुनी सेटिंग वाचूच नये म्हणून रजिस्टर २१४२ करून ते उडवावे लागले. २५०१चा पंखा असा घरघरायचा की तो चालू केला की आई आतून विचारायची, "गिरणी लावलीस का रे?"

नोकरी सोडून मी घरीच सीसीएनएची, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची, शिकवणी सुरू केली होती. रविवारी सकाळी चार मुलं यायची. कोण कुठून येतं त्यावरून एकमेकांना हाका मारायची: सिन्नरची, ओझरचा, पिंपळगावचा आणि सिडकोतला. परीक्षेचा क्रमांक तेव्हा ६४०-८०२ होता आणि तिच्यात सीरियल लिंकला, म्हणजे दोन राउटरांमधल्या थेट जोडणीला, चांगलं वजन होतं. एचडीएलसी, पीपीपी, फ्रेम रिले, या लिंकवर बोलायच्या सगळ्या पद्धती यायच्या. २०२० मध्ये नवी परीक्षा आली तेव्हा हे प्रकरण अभ्यासक्रमातून गेलंच. आताची मुलं सीरियल केबल बघून हे काय म्हणून विचारतात.

तर ती केबल. राउटरला राउटर थेट जोडायची, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकांना साठ-साठ पिनांचा कनेक्टर, चार ओळींत. एका टोकावर डीसीई, दुसऱ्यावर डीटीई असं लेबल. डीसीईने क्लॉक, म्हणजे बिट पाठवायचा ताल, द्यायचं, डीटीईने त्या तालावर चालायचं. मुलांना हे समजवायला मला कधी त्रास झाला नाही, कारण नाशिकच्या पोरांना ढोल माहीत असतो. ढोल कितीही असू देत, ठेका ताशाच्या मागे. सीरियल लिंकवर ताशा एकाच्याच गळ्यात.

खरं तर बाहेरच्या जगात हा ताशा आपल्या गळ्यात कधी येत नाही. नोकरीत असताना मी एका बँकेच्या शाखांच्या लिंक सांभाळायचो. ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेली कायमची तार, तिच्या टोकाला मोडेम, मोडेमपासून राउटरपर्यंत व्ही.३५ मानकाची केबल. क्लॉक मोडेम देणार, राउटर कायम डीटीई. क्लॉक रेट ही कमांड मी तिथे सहा वर्षांत एकदाही दिली नाही. ती द्यावी लागते घरच्या लॅबमध्ये, कारण तिथे मधला मोडेम नसतो आणि दोघांपैकी एका राउटरला त्याचं सोंग घ्यावं लागतं.

त्या नोकरीतून मी एक वाक्य घेऊन आलो होतो आणि प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ते वहीत लिहायला लावायचो: लेबलवर विश्वास ठेवू नका, शो कंट्रोलर्सला विचारा, तो खोटं बोलत नाही. जुन्या केबलींची लेबलं निघालेली असतात, कुणीतरी उलटी चिकटवलेली असतात. शो कंट्रोलर्स सीरियल ही कमांड मात्र राउटरला खुद्द पोर्टावर काय लागलंय ते विचारते आणि उत्तर देते: डीसीई व्ही.३५, क्लॉक रेट अमुक. किंवा डीटीई व्ही.३५, क्लॉक मिळतंय. किंवा केबलच नाही.

२०१०चा मे महिना. शनिवारी संध्याकाळी घरी पाहुणे होते म्हणून स्टँड उचलून आतल्या खोलीत नेला होता. ते गेल्यावर परत आणून केबली जोडताना लोडशेडिंग सुरू झालं. नोकियाच्या छोट्या मोबाइलची बॅटरी तोंडात धरून मी कनेक्टर खुपसले, स्क्रू आवळले आणि झोपलो. हा तपशील मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठवला नाही.

रविवारी सकाळी नऊला सिन्नरचीने पहिल्या राउटरवर शो आयपी इंटरफेस ब्रीफ ही सगळ्या पोर्टांची स्थिती दाखवणारी कमांड मारली. सीरियलसमोर पहिला रकाना अप, दुसरा डाउन. म्हणजे केबल आहे, पण पलीकडून बोलणं नाही. तिची परीक्षा गुरुवारी होती. मी खूश झालो. आयता प्रश्न मिळाला, सोडवा म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेलो.

आतून त्यांची चर्चा ऐकू येत होती. आदल्या आठवड्यात आम्ही पीपीपी आणि चॅप, म्हणजे पासवर्डवरून एकमेकांची ओळख पटवणं, केलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा संशय तिकडेच. ओझरच्याने दोन्हीकडचं एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे बोलायची पद्धत, बघितलं, दोन्हीकडे पीपीपी. मग युजरनेम. चॅपमध्ये युजरनेम समोरच्या राउटरचं होस्टनेम असतं, इथेच निम्मी मुलं घसरतात. तेही बरोबर. मग पासवर्ड. शेवटी एखादी मोकळी जागा राहिली की राउटर तीही पासवर्डात धरतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी दोन्हीकडे नव्याने टाकला. काही नाही.

चहा घेऊन आलो तेव्हा डीबग पीपीपी निगोशिएशन, म्हणजे पीपीपीची बोलणी दाखवणारी कमांड, चालू होतं आणि पडद्यावर ओळी सरकत होत्या. प्रत्येक ओळीत 'ओ', म्हणजे बाहेर गेलेलं. 'आय', म्हणजे आत आलेलं, एकही नाही. थोड्या वेळाने टाइमआउट, की पुन्हा 'ओ'. पासवर्डचं भांडण असतं तर निदान पलीकडचा आवाज तरी आला असता. इथे आपण अंधाऱ्या विहिरीत हाका मारत होतो.

"पीपीपी काढा," मी म्हटलं. "दोन्हीकडे एचडीएलसी करा. एका वेळी एकच गोष्ट."

एचडीएलसी केलं. सिस्कोच्या एचडीएलसीत दर दहा सेकंदांनी दोन्ही बाजू आपण जिवंत असल्याचा निरोप पाठवतात, तीन निरोप चुकले की लाइन खाली. आमची वर यायलाच तयार नव्हती.

"क्लॉक," सिन्नरची म्हणाली. पहिल्या राउटरवर शो कंट्रोलर्स. डीसीई व्ही.३५, क्लॉक रेट ६४०००. झालं, क्लॉक आहे. मी पोर्ट बदलून बघा म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या राउटरच्या कन्सोलवर, म्हणजे त्याला कमांड द्यायच्या पडद्यासमोर, बसलेला पिंपळगावचा म्हणाला, "सर, मी पण दिला."

"काय दिलास?"

"क्लॉक रेट ६४०००."

"आणि राउटर काय म्हणाला?"

"काहीच नाही. घेतला."

डीटीई टोकावर ही कमांड दिली की राउटर सरळ एरर देतो, ही फक्त डीसीई इंटरफेसला लागू आहे म्हणून. मुलं मुद्दाम चुकीच्या बाजूला ती कमांड देऊन बघायची, इतकी ती एरर आमच्या ओळखीची होती. आज ती आली नाही. मी पिंपळगावच्याला बाजूला सरकवलं आणि स्वतः टाइप केलं. शो कंट्रोलर्स सीरियल. डीसीई व्ही.३५, क्लॉक रेट ६४०००.

एका केबलची दोन्ही टोकं डीसीई. दोघांच्या गळ्यात ताशा.

सिडकोतला, जो एरवी तोंड उघडत नसे, वहीतलं माझं वाक्य बोटाने दाखवत म्हणाला, "सर, तो खोटं बोलत नाही ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिला राग आला तो लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराचा. बनावट केबल दिली, असं मी मुलांसमोर बोलूनही गेलो. सिन्नरची म्हणाली, "पण सर, गेल्या रविवारी हीच केबल चालत होती." बरोबर होतं. मग राग दुसऱ्या राउटरच्या सीरियल कार्डाचा. ते जळालं असेल, लोडशेडिंगनंतर वीज येताना झटका बसला असेल.

हे तपासणं सोपं होतं आणि ते मुलांनीच केलं. राउटर बंद करून केबल उलटी लावली. डीटीई लेबलचं टोक आता पहिल्या राउटरमध्ये. पुन्हा दोन्हीकडे डीसीई. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या राउटरमधली केबल काढून इथे लावली, आणि दहा-बारा सेकंदांत कन्सोलवर लाइन प्रोटोकॉल अप, लिंक सुरू. म्हणजे कार्डं दोन्ही शाबूत. दोष केबलबरोबर फिरत होता. तो केबलच्या डीटीई टोकात होता.

ते टोक मी खिडकीशी नेलं. आईचं वाचायचं भिंग घेतलं. एका ओळीत एक पिन आडवी झोपली होती, इतकी नीट की भिंगाशिवाय ओळीत खाडा पडलाय हेही कळलं नसतं. रात्री बॅटरी तोंडात धरून कनेक्टर तिरका खुपसला होता तो कुणी, हे त्या क्षणी मला आठवलं. दुकानदाराबद्दल बोललेलं मी मुलांसमोर परत घेतलं.

पण एक पिन वाकली तर डीटीईचा डीसीई कसा होईल? डेटाची पिन असती तर डेटा गेला नसता, क्लॉकची असती तर क्लॉक. राउटरची ओळखच कशी बदलली? नेटवरून त्या केबलचा पिनांचा तक्ता काढला, तेव्हा कुठे उलगडा झाला. हा साठ पिनांचा कनेक्टर पाच मानकांना चालतो: आरएस-२३२, आरएस-४४९, व्ही.३५, एक्स.२१ आणि ईआयए-५३०. आपल्याला यातलं कोणतं लावलंय हे राउटरला सांगायला कनेक्टरमध्ये काही पिना राखून ठेवलेल्या आहेत. केबल बनवतानाच त्यांतल्या काही ग्राउंडला जोडतात, काही मोकळ्या सोडतात आणि राउटर तेवढं चाचपून बघतो. त्यांतली एक पिन फक्त या प्रश्नासाठी आहे. ती ग्राउंडला टेकलेली असेल तर हे टोक डीटीई. काहीच नसेल तर डीसीई.

आडवी झोपलेली पिन तीच होती.

राउटर खोटं बोलतच नव्हता. त्याने पोर्टाच्या त्या भोकात हात घातला, तिथे काही लागलं नाही, आणि नियमाप्रमाणे त्याने स्वतःला डीसीई मानलं. मी मात्र सहा वर्षं असं समजत होतो की ही कमांड केबल तपासते. डीसीई की डीटीई हे ठरवायला ती एकच पिन तपासते. बाकी सगळं तिला ऐकीव.

मुलांना हे मी सांगितलं तेव्हा ओझरचा म्हणाला की घरी संगणकावर पॅकेट ट्रेसर या नकली नेटवर्कच्या प्रोग्रॅममध्ये डीसीई टोकाला छोटंसं घड्याळ काढलेलं असतं, तिथे असं कधी होणारच नाही. खरं आहे. तिथल्या केबलला पिनाच नसतात. त्यावर सराव करून परीक्षा उत्तम देता येते, आणि परवडतही नाही असं नाही. चपलांचा स्टँड अडवून, वीजबिल वाढवून खरे राउटर कशाला ठेवायचे, हे मला बायकोने अनेकदा विचारलं होतं. त्या रविवारी ती भिंग परत मागायला आली तेव्हा मी तिला पिन दाखवली. तिने बघितली, "एवढीशी?" म्हणाली आणि भिंग घेऊन गेली.

पिन सरळ करायला आधी टाचणी वापरली, ती जाड पडली. मग आईच्या डब्यातली बारीक सुई. दोन माणसं केबल धरून, एक उजेड धरून आणि मी श्वास धरून. वाकलेली पिन एकदा सरळ होते. दुसऱ्यांदा ती तुटते. अर्धा तास लागला. ती उभी राहिली तरी थोडी डावीकडे कललेलीच राहिली.

कनेक्टर या वेळी दिवसाउजेडी, डोळ्यांसमोर, सरळ बसवला. दुसऱ्या राउटरवर शो कंट्रोलर्स: डीटीई व्ही.३५. पिंपळगावच्याने टाकलेला क्लॉक रेट आता त्याच्या कामाचा नव्हता. कन्सोलवर ओळ उमटली, लाइन प्रोटोकॉल अप. सिन्नरचीने पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का बघायची हाक, मारला, पाच उद्गारचिन्हं आली, म्हणजे पाचही हाकांना उत्तर. वेळ २८ मिलिसेकंद.

"बरोबर आहे का हे?" मी विचारलं. दुपारचे दोन वाजले होते, पण शिक्षकाची खोड. सिडकोतल्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सिस्कोचा साधा पिंग १०० बाइटचा, म्हणजे ८०० बिट. ६४००० च्या लाइनवर एका बाजूला साडेबारा मिलिसेकंद, जाऊन-येऊन पंचवीस, वर थोडं वेष्टन आणि राउटरचा स्वतःचा वेळ. अठ्ठावीस पटलं. मग त्याने १५०० बाइटचा मारला आणि पावणेचारशेच्या पुढचा आकडा आला तेव्हा स्वतःच हसला.

त्याच्या वहीत माझं पहिल्या दिवसाचं वाक्य त्याने खोडलं नाही. 'तो खोटं बोलत नाही' याच्या पुढे कंसात 'त्याला जेवढं कळतं तेवढ्यात' असं लिहिलं. पुढच्या बॅचपासून मीही तसंच सांगू लागलो, त्याचं नाव न सांगता.

ती केबल मी त्यानंतर कधीच काढली नाही. काढली तर पिन जाईल ही भीती. तिसऱ्या राउटरची केबल मुलं वाटेल तशी काढायची-घालायची, पण पहिल्या दोघांमधली नाही. तिच्यावर आईने लाल दोरा बांधला होता. चार वर्षांनी आम्ही घर बदललं तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं, "हे दोन डबे असे बांधून का ठेवलेत?" मी म्हटलं, "जोडी आहे, एकत्रच न्यायची." त्याने दोन्ही गादीवर ठेवले आणि नव्या घरापर्यंत तसेच, केबल लावलेलेच, आणले.