सीपीएलची थिअरी : पेपर वेगळे, हवा एकच

सीपीएलच्या, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सच्या, थिअरीला बसणारं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, क्वेश्चन बँक (सरावाच्या प्रश्नांचा साठा) कुठली करू? पुस्तक अजून उघडलेलंही नसतं. मी म्हणते बँकेचं नंतर बघू, आधी सांग, सुरुवात कुठून करणारेस? कारण सिलॅबस बघूनच माणूस गार पडतो. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अ‍ॅनेक्स 1 मध्ये जे विषय दिलेत ते असे, एअर लॉ, विमान आणि इंजिनची माहिती, परफॉर्मन्स आणि प्लॅनिंग, ह्युमन परफॉर्मन्स, मेट (हवामानशास्त्र), नॅव्हिगेशन, ऑपरेशनल प्रोसिजर्स, प्रिन्सिपल्स ऑफ फ्लाइट (विमान उडतं कसं), रेडिओ. आता प्रत्येक देश याचे पेपर आपापल्या सोयीने पाडतो, कुठे दोन विषय एकत्र तर कुठे एकाचेच दोन, पण आतला माल तोच.

बहुतेक जण एक पुस्तक संपवतात, बाजूला ठेवतात, दुसरं घेतात. मला हे अजिबात पटत नाही. यातले निम्मे विषय तापमान, दाब आणि घनता या तीनच गोष्टींवर उभे आहेत, ते एकदा नीट घासून घेतलं की मेट, इन्स्ट्रुमेंट्स, परफॉर्मन्स, प्रिन्सिपल्स ऑफ फ्लाइट सगळीकडे तेच परत परत भेटतं, आणि नाही घेतलं तर चार ठिकाणी चार वेगळी सूत्रं घोकत बसावं लागतं.

म्हणून पहिला मुक्काम आयएसए, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅटमॉस्फिअर. समुद्रसपाटीला 15 अंश, 1013.25 हेक्टोपास्कल, दर हजार फुटांना साधारण 2 अंश कमी, आणि 36,090 फुटांच्या वर उणे 56.5 वर स्थिर. हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. इथे पाठांतराला पर्याय नाही.

मग एक गणित घ्या. धावपट्टीची उंची 3000 फूट, क्यूएनएच (तिथला दाब समुद्रसपाटीला आणून) 1003, तापमान 33. स्टँडर्डपेक्षा दाब 10 हेक्टोपास्कलने कमी, एकाला 30 फूट धरले तर 300, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (स्टँडर्ड हवेत हा दाब ज्या उंचीला असतो ती) 3300. तिथे स्टँडर्ड तापमान असायला हवं साडेआठच्या आसपास, आहे 33, फरक जवळजवळ 25, प्रत्येक अंशाला 120 फूट धरले की अजून 3000. डेन्सिटी अल्टिट्यूड 6300 च्या घरात! जमीन 3000 फुटांवर आहे पण विमानाला ते माहीत नाही, ते 6300 फुटांवर असल्यासारखंच वागणार.

उत्तर आलं म्हणून लगेच पुढे पळू नका, खरा अभ्यास इथून सुरू होतो. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद कमी, प्रोपेलरचा जोर कमी. आणि एअरस्पीड इंडिकेटरवर रोटेशनचा (नाक वर उचलायचा) आकडा नेहमीचाच असला तरी ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) जास्त, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्षात जास्त वेगाने धावल्याशिवाय तो आकडा दिसतच नाही. ताकद कमी आणि गाठायचा वेग जास्त, मग धावपट्टी जास्त लागणारच आणि वर चढणंही मंद होणार. त्यात हवा दमट असेल तर अजून भर, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू 18 चा आणि कोरडी हवा सरासरी 29 ची, दमट हवा हलकी असते, जड नाही. (हे ऐकून भलेभले वाद घालतात.) आता बघा, एका गणितात मेट झालं, इन्स्ट्रुमेंट्स झालं, इंजिन झालं, परफॉर्मन्स झाला.

पेपर काढणाऱ्यांनाही असे सांधे फार आवडतात. एक नेहमीचा नमुना सांगते. उत्तर गोलार्धात तुम्ही ठराविक फ्लाइट लेव्हलला (अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, 1013 वर लावून दिसणाऱ्या उंचीला) उडताय आणि विमान सतत उजवीकडे ड्रिफ्ट होतंय (वाऱ्याने सरकतंय), तर खरी उंची वाढतेय की कमी होतेय? पहिल्यांदा वाचलं की वाटतं ड्रिफ्टचा आणि उंचीचा काय संबंध. पण बाइज-बॅलटचा नियम आठवा, उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला. ड्रिफ्ट उजवीकडे म्हणजे वारा डावीकडून, म्हणजे कमी दाब समोर, आणि अल्टिमीटर 1013 वरच ठेवून आपण कमी दाबाकडे निघालोय म्हणजे त्याच आकड्यावर आपण खाली खाली जातोय. खरी उंची कमी होतेय. दक्षिण गोलार्ध दिला की उलटं. ज्याने नुसतं उत्तर पाठ केलंय तो गोलार्ध बदलला की गेला.

नॅव्हिगेशनचा स्वभाव मात्र पूर्ण वेगळा आहे, ते वाचून येत नाही, हाताने येतं. फ्लाइट कॉम्प्युटर, म्हणजे ती गोल चकती, रोज थोडा वेळ फिरवा, विंड ट्रँगल (वाऱ्याने दिशा आणि वेग किती बदलतो), इंधन, वेळ, टीएएस (ट्रू एअरस्पीड), जोपर्यंत बोटं आपोआप चालत नाहीत तोपर्यंत. आणि चकतीला हात लावायच्या आधी तोंडी अंदाज घ्यायची सवय लावा. वारा 30 नॉट्सचा आणि 30 अंश बाजूने, तर क्रॉसविंड निम्मा, 15. वन इन सिक्स्टी (60 मैलांत 1 मैल बाजूला म्हणजे 1 अंश) तर पाहिजेच पाहिजे : 40 मैल गेलात, 4 मैल बाजूला आहात, म्हणजे ट्रॅक एरर 6 अंश, पुढे 60 मैल उरलेत तर क्लोजिंग अँगल 4, एकूण 10 अंश वळा की थेट मुक्कामाला. तोंडी अंदाज 10 आणि चकतीवर 25 आलं तर चकती चुकीची वाचलीय हे तिथल्या तिथे कळतं, कारण पर्यायांमध्ये ते चुकीचं 25 सुद्धा मुद्दाम ठेवलेलं असतं.

एअर लॉ हा सरळ रट्ट्याचा विषय, उगाच त्यात तत्त्वज्ञान शोधू नका. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, ओव्हरटेक उजवीकडून, ट्रान्सपाँडरचे (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचे) कोड 7500 हायजॅक, 7600 रेडिओ बंद, 7700 इमर्जन्सी. हा विषय मी शेवटी ठेवते, कारण लवकर पाठ केलं की लवकर विसरतं.

ह्युमन परफॉर्मन्सला लोक सोपा समजून सोडून देतात. 25,000 फुटांवर ऑक्सिजन गेला तर शुद्धीत राहून काही करायला 3 ते 5 मिनिटं, 35,000 वर अर्धा ते एक मिनिट. आणि तिथेही तोच दाब! ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावरही 21 टक्केच असतं, कमी होतो तो त्याचा पार्शल प्रेशर (एकूण दाबातला त्याचा वाटा). या प्रश्नात "ऑक्सिजनची टक्केवारी घटते" असा पर्याय हमखास असतो.

आता बँक. करा, जरूर करा, पण विषय एकदा वाचून झाल्यावर, आणि बरोबर आलेल्या प्रश्नातसुद्धा उरलेले तीन पर्याय का चूक हे स्वतःशी मोठ्याने बोलून दाखवा. वेळ खूप जातो, पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, दिवसाला शंभर प्रश्न उडवणारे मित्र पुढे गेल्यासारखे वाटतात. तरी वीसच करा. आणि चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवायची असेल तर ती विषयवार ठेवू नका, कारणवार ठेवा : युनिट चुकलं, प्रश्नातला "नाही" वाचलाच नाही, मुळात संकल्पनाच कच्ची. पहिल्या दोन गटांचा इलाज पेन्सिलीने प्रश्न अधोरेखित करणं, तिसऱ्याचा परत पुस्तक.