स्पायडरमॅन, पहिल्या अंकापासून

‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या कॉमिक्स मालिकेच्या पहिल्याच अंकात पीटर पार्करची, म्हणजे स्पायडरमॅनची, मे काकू दागिने गहाण ठेवायला जाते. त्याआधी, ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’ या दुसऱ्या मासिकाच्या १५व्या अंकात, अवघ्या ११ पानांच्या गोष्टीत, बेन काका मारला जातो. घरातला कमावता माणूस गेलेला आणि मार्च १९६३ला ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ हे मासिक सुरू होतं ते थेट या चणचणीतून. पीटर मुखवटा घालून खेळ करतो, चेक मिळतो, पण तो स्पायडरमॅनच्या नावाचा. बँकेतला माणूस ओळखपत्र मागतो. अंगावरचा पोशाख हा काही पुरावा होत नाही, चेक परत. मग तो ‘फँटॅस्टिक फोर’ या चार महाशक्तीवाल्यांच्या टोळीकडे नोकरी मागायला जातो, तर तिथे पगारच नाही.

आमचं परभणीत कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर सोनं गहाण टाकून बियाणं-खत न्यायला आलेली माणसं मी लहानपणापासून काउंटरच्या आतून बघतोय. बाई मागं उभी असते, गळ्यात नुसती काळी पोत, आणि नवरा पिशव्यांचे भाव विचारत असतो. अमेरिकेतल्या, साठ वर्षांपूर्वीच्या, कोळी चावलेल्या पोराच्या गोष्टीत हे पान निघेल असं वाटलं नव्हतं. ते वाचलं आणि ठरवलं, आता ही मालिका एकही अंक न गाळता वाचायची.

माझा एक मित्र या विषयातला दर्दी आहे. तो म्हणाला, “पहिल्यापासून कशाला वाचायलास लेका? महत्त्वाच्या अंकांची यादी देतो, तेवढं वाच की.” त्याची यादी चांगली होती. पण त्या यादीत १८वा अंक नव्हता आणि माझ्या मते या मालिकेचा जीव तिथे आहे.

झालं असं की, १७व्या अंकात ग्रीन गॉब्लिन या खलनायकाशी चारचौघांसमोर मारामारी चालू असताना पीटरच्या कानावर येतं, काकूला हृदयविकाराचा झटका आलाय. तो लढाई टाकून निघून जातो. लोक म्हणतात, पळपुटा. १८वा अंक, नोव्हेंबर १९६४चा, म्हणजे त्यानंतरचे दिवस. मारामारी जवळपास नाहीच. पीटर काकूच्या उशाशी बसतो, औषधपाण्याच्या खर्चाची काळजी करतो, आणि आपल्या जाळ्याचा चिकट पदार्थ एका डिंक बनवणाऱ्या कंपनीला विकायला नेतो. त्यांना माल पसंत पडतो, पण तो तासाभरात विरघळतो म्हटल्यावर कोण घेणार? तिकडे ‘डेली ब्यूगल’चा संपादक जेमसन खुशीत आहे, स्पायडरमॅन भित्रा निघाला म्हणून. आणि पीटरला कुणाला काही सांगताही येत नाही. महाशक्ती अंगात असलेला माणूस महिनाभराचा अख्खा अंक घरच्या आजारपणात घालवतो, हे १९६४ साली छापलं गेलं. मला त्याचं फार मोल वाटतं.

वाचायची रीत सांगतो. मार्व्हलच्या अ‍ॅपवर टॅबलेटमध्ये वाचतो. एप्रिल-मेच्या दुपारी परभणीत रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानात गिऱ्हाईक संध्याकाळीच येतं. तेव्हा वाचन जोरात होतं. लाईट जायच्या आत पुढचे अंक उतरवून ठेवायचे. पेरण्या सुरू झाल्या की वाचन बंद, ते थेट खुरपणी-फवारणीची गर्दी ओसरल्यावर. सुरुवातीला लेखक स्टॅन लीच्या इंग्रजीनं दमवलं. चौकटीत माणूस भिंतीवरून उडी मारतोय आणि त्याच चौकटीत तो चार वाक्यं बोलतोय, शिवाय वर निवेदकाचा मजकूर. घाई करून भागत नाही. मी दोन-तीन अंकांवर थांबायचो. एका वहीत कोणाला काय गुपित माहीत आहे एवढंच लिहून ठेवायचो आणि ती वही पुढे फार कामाला आली, कारण दहा अंकांपूर्वी कुणीतरी ऐकलेलं अर्धवट वाक्य एकदम वर येतं.

सुरुवातीचे सगळे ३८ अंक चित्रकार स्टीव्ह डिटकोनं काढलेत. त्याचा पीटर खांदे पाडून चालणारा, हाडकुळा, चष्मेवाला. चौथ्या अंकात त्याचा मुखवटा फाटतो तर पुढे तो घरी सुईदोरा घेऊन स्वतःच शिवत बसतो. डिटकोच्या कामाचा कळस म्हणजे ३१ ते ३३ हे तीन अंक. काकू पुन्हा दवाखान्यात. दुखण्याचं कारण पीटरनंच १०व्या अंकात तिला दिलेलं रक्त, त्यातला किरणोत्सार. तिचं औषध हाताच्या अंतरावर पडलंय, पीटरच्या अंगावर लोखंडी यंत्राचा ढिगारा कोसळलाय, आणि तळघरात पाणी भरत चाललंय. ३३व्या अंकाची सुरुवातीची कितीतरी पानं फक्त तो ढिगारा उचलण्यात जातात. चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी एक अख्खं पान. यादीतून उडी मारून हा अंक वाचला असता तर मला उत्तम चित्रकला दिसली असती. १०व्या आणि १८व्या अंकावरून आल्यामुळे त्या पानापाशी माझे हात थरथरले.

याच काळात तो कॉलेजात जातो आणि ३१व्या अंकात ग्वेन स्टेसी भेटते. पीटर काकूच्या काळजीत, कुणाशी बोलत नाही. ग्वेनला वाटतं, हा शिष्ट आहे. अशा गैरसमजातून ओळख सुरू होते.

३९व्या अंकापासून जॉन रोमिता आला. तो आधी प्रेमकथांची चित्रं काढायचा, त्यामुळे सगळेच देखणे झाले, पीटरसुद्धा. आठवडाभर मला ते पटेना. मग ४२वा अंक आला. मे काकू ऑगस्ट १९६४च्या १५व्या अंकापासून शेजारच्या अ‍ॅना वॉटसनच्या भाचीचं, मेरी जेनचं, स्थळ पीटरच्या मागं लावून असते. भेट दर वेळी हुकते. २५व्या अंकात ती येते तर चेहरा झाकलेला. पीटर आपला टाळाटाळ करतो, काकू म्हणते चांगली मुलगी आहे म्हणजे कशी असेल देव जाणे. आमच्याकडे बघण्याचे कार्यक्रम टाळणारी पोरं असतात तसंच. नोव्हेंबर १९६६ला, ४२व्या अंकाच्या शेवटच्या पानावर, दार उघडतं आणि ती दिसते. तेव्हाच्या वाचकानं दोन वर्षांहून जास्त वाट बघितली होती.

मधले अंक भराभर गेले. ५०व्यात तो पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो. ९०व्यात, एव्हाना पीटरची प्रेयसी झालेल्या ग्वेनचे वडील एका लहान पोराला वाचवताना विटांखाली सापडतात आणि मरताना पीटरला ग्वेनला सांभाळ म्हणून सांगतात. ९६ ते ९८ हे अंक १९७१ साली कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिक्समध्ये काय छापावं याच्या नियमावलीच्या, शिक्क्याविना निघाले, कारण त्यांत अमली पदार्थांचा विषय होता. विषय मांडायची सूचना खुद्द अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याची होती. त्याच वर्षी कोडचे नियम सैल झाले.

मग १२१वा अंक, जून १९७३. ग्वेन मरते हे मला आधीपासून माहीत होतं, सगळ्या जगाला माहीत आहे. तरी मी तो अंक दोनदा उघडून बंद केला. लेखक जेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीतला. चित्रं गिल केनची. गोष्टीचं नावसुद्धा शेवटच्या पानावर दिलंय, आधी दिलं असतं तर सगळं कळलं असतं. गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, पीटर जाळं टाकून तिला अधांतरी धरतो, आणि तिच्या मानेजवळ एक बारीक आवाजाचा शब्द छापलाय. पीटरला वाटतं, वाचवली. १२५व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी लिहिलं, की जाळ्यानं एकदम थांबवल्याच्या हिसक्यानंच ती गेली. अ‍ॅपवर ही पत्रांची पानं मिळत नाहीत. मित्राकडच्या जाड संकलनात ती वाचली आणि तो दिवस माझा कामात लक्ष नसण्यात गेला.

यादीवाल्यांचं इथेच चुकतं, असं माझं मत आहे. ते १२१ वाचायला सांगतात आणि १२२व्याचं शेवटचं पान सोडून देतात. पीटर दुःखात मेरी जेनला घालवून देऊ बघतो, तोंडाला येईल ते बोलतो. ती दारापर्यंत जाते, दार आतून लावते आणि थांबते. एकही शब्द नाही. नाचगाण्यात रमणारी उथळ पोरगी म्हणून ८० अंक जिला बघितलं ती इथे मोठी होते.

त्यानंतरचा काळ चढउताराचा. ग्वेनची प्रतिकृती आणली तेव्हा मन उठलं होतं. पण वाचत राहिलो म्हणून जानेवारी १९८४चा २४८वा अंक मिळाला. रॉजर स्टर्नची छोटीशी गोष्ट, स्पायडरमॅनच्या बातम्यांची कात्रणं जमवणाऱ्या एका पोराची. ती सांगणार नाही, ज्यानं त्यानं वाचावी.

आता मी १९८७च्या २१व्या वार्षिक अंकावर आलोय. पीटर आणि मेरी जेनचं लग्न झालं. १९६४ला काकूनं सुचवलेलं स्थळ २३ वर्षांनी जुळलं! पुढे क्रेव्हन या शिकारी खलनायकाची गोष्ट आहे आणि तिथे एकट्या या मालिकेवर भागत नाही, ती तीन मासिकांत विभागलेली आहे. क्रम असा: ‘वेब ऑफ स्पायडरमॅन’ ३१, ‘अमेझिंग’ २९३, ‘स्पेक्टॅक्युलर’ १३१, मग पुन्हा ‘वेब’ ३२, ‘अमेझिंग’ २९४, ‘स्पेक्टॅक्युलर’ १३२. सहाही उतरवून ठेवलेत. दिवाळीनंतर दुकान दोन दिवस भावाकडे देऊन सलग वाचणार आहे.