बडोद्याहून बॉनला : अर्थशास्त्राचं मास्टर्स, गणित आणि युरोचा भाव

बडोद्यात परदेशी शिकायला जायचं म्हटलं की लोक आधी देश विचारतात, विषय नंतर. कॅनडा की ऑस्ट्रेलिया, एवढंच त्यांना हवं असतं. अलकापुरी-सयाजीगंज भागात कुठल्याही इमारतीत शिरा, एका मजल्यावर व्हिसा कन्सल्टंट आणि दुसऱ्यावर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास सापडतोच. २०२४ मध्ये माझं बी.ए. अर्थशास्त्र संपलं तेव्हा बाबांच्या आग्रहाखातर मीही अशा एका ऑफिसात जाऊन आले. समोरच्या गृहस्थांनी मार्कशीट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "बेन, इकॉनॉमिक्स कोण करतं आता? बिझनेस अॅनॅलिटिक्स घ्या ना, लगेच अॅडमिशन करून देतो." त्यांच्या यादीत जर्मनीतलं एकही सरकारी विद्यापीठ नव्हतं. असणार कसं? यादीत होती ती कमिशन देणारी कॉलेजं, आणि सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत. तीन वर्षं अर्थशास्त्र शिकल्यावर एवढं तर कळायलाच हवं.

मग सगळं स्वतःच करायचं ठरवलं. रावपुऱ्यात एका सीएंच्या ऑफिसात नोकरी धरली आणि संध्याकाळी गणित सुरू केलं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा पर्याय मनात राखून ठेवला होता. आईचा कौल अर्थात त्यालाच होता.

जर्मनीच का, तर पैसा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणी फी नाही. दर सत्राला काहीशे युरोंचं सेमिस्टर शुल्क असतं, आणि बॉनसारख्या ठिकाणी त्यात प्रवासाचा पासही येतो. अपवाद बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याचा. तिथं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. अर्थशास्त्रासाठी नावाजलेलं मानहाइम नेमकं त्याच राज्यात. यादीत ते राहू दिलं, पण चौथ्या नंबरावर.

आता खरी गोष्ट. परदेशात अर्थशास्त्राचं मास्टर्स करायचं, तर तुम्हाला अर्थव्यवस्थेबद्दल किती कळतं हे कुणी फारसं विचारत नाही. गणित, संख्याशास्त्र आणि इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावणं) किती केलं, ते कागदावर दाखवा म्हणतात. भारतीय अर्थव्यवस्था, पंचवार्षिक योजना, कृषी अर्थशास्त्र या ज्या पेपरांत मला सगळ्यात चांगले गुण होते, त्यांना तिथं जवळजवळ काहीच वजन नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र किती, स्थूल किती, गणित-संख्याशास्त्र किती, अशी बेरीज होते आणि ती ईसीटीएस नावाच्या श्रेयांकांत होते. वर्षाला ६० आणि तीन वर्षांच्या पदवीला १८०, असा त्यांचा हिशेब. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले आणि घरचे मिळून २५ ते ३० तास काम.

आपल्या मार्कशीटवर पेपरचं नाव आणि गुण असतात. 'पेपर ९ : क्वांटिटेटिव्ह मेथड्स' एवढ्यावरून बॉनमध्ये बसलेल्या माणसाला काय बोध होणार? त्यामुळे प्रत्येक पेपरचं वर्णन स्वतः लिहून कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावं लागतं. माझ्या फाइलीतलं एक पान असं होतं : एलिमेंटरी इकॉनोमेट्रिक्स, वर्गातले तास ६०, घरच्या अभ्यासाचे अंदाजे ९०, एकूण १५०, विषय : सरळ व बहुचल रिग्रेशन, लघुतम वर्ग पद्धत, गृहीतकं मोडली तर काय होतं, डमी चल, परीक्षा : लेखी. शेवटी पाठ्यपुस्तकाचं नाव. अशी पानं सगळ्या पेपरांची. दीडशे तास भागिले तीस म्हणजे पाच श्रेयांक, हे त्यांना स्वतःला काढता यावं अशी मांडणी ठेवली. श्रेयांकांचा आकडा मात्र मी लिहिला नाही. ते ठरवणं विद्यापीठाचं काम; तुम्हीच लिहिलात की बघणाऱ्याच्या भुवया उंचावतात.

अभ्यासक्रमाच्या जुन्या प्रती कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क बेननी कपाट उपसून काढून दिल्या. "थई जशे, काले आवजो," असं त्या म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरंच काम झालेलं असायचं. गोल शिक्का अर्धा सहीवर आणि अर्धा कोऱ्या कागदावर आला पाहिजे, म्हणजे दोन्ही नीट वाचता येतं, हेही त्यांनीच शिकवलं. जांभळी शाई वाळेपर्यंत पानं पंख्याखाली पसरून आम्ही दोघी त्यांच्या मुलाच्या इंजिनिअरिंगबद्दल बोलत बसलो होतो. इंग्रजी माध्यमात शिकल्याचा दाखलाही तिथूनच घेतला. बऱ्याच ठिकाणी त्याच्या जोडीला आयईएलटीएस लागतंच, पण दाखला फाइलीत असलेला बरा.

परदेशी मास्टर्सच्या प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा द्यावी लागते. तिचा शाब्दिक भाग मी फार मनावर घेतला नाही. १७० पैकी गणिताचे गुण अर्थशास्त्रवाले बघतात. ती परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत संपते, त्यामुळे पूर्वीसारखा दमसास लागत नाही. पण त्यातलं गणित म्हणजे दहावीचंच, फसव्या प्रश्नांचं. पुढं उपयोगी पडलं ते वेगळंच : लिनियर अल्जेब्रा, अनेक चलांचं कलन, बंधनं सांभाळून कमाल-किमान काढायची लाग्रांजची पद्धत. हे मी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीवरची व्याख्यानं पाहून केलं.

गुणांचं रूपांतर हा घरातल्या करमणुकीचा विषय झाला. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र सोपं आहे : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, कमाल आणि पास होण्याच्या गुणांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. माझा सीजीपीए १० पैकी ८.२, पास ४ ला, म्हणजे १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, उत्तर १.९. आजोबांना मी "एक पॉइंट नऊ" सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढं वाईट आहे तर पाठवायचं कशाला?"

एपीएस प्रमाणपत्र हा प्रकार भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचा आहे. तुमची पदवी खरी आहे हे दिल्लीतली ती यंत्रणा तपासून देते, शुल्क १८,००० रुपये. ते हातात आल्याशिवाय पुढचं अडतं, म्हणून सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा. काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात, काही युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. मानहाइमचा नकार आला, बॉनचा होकार आला. बाकीच्यांची वाट बघायची गरज उरली नाही.

आता पैसे. व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथं पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो तुमच्या हाती सोडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी अर्ज करत होते तेव्हा युरो ९० रुपयांच्या आसपास होता. बाबांनी वहीत लिहून ठेवलं : दहा लाख एकाहत्तर हजार. बँक कर्जाचे पैसे प्रवेशपत्राशिवाय सोडत नाही, आणि प्रवेशपत्र यायला उन्हाळा उजाडतो. मधल्या काळात मार्चमध्ये जर्मनीच्या संसदेनं राज्यघटनेतला कर्जावरचा लगाम सैल केला, पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर केला. जर्मनी इतकं कर्ज काढून खर्च करणार म्हटल्यावर तिथले व्याजदर चढले आणि युरो वधारला. एप्रिलमध्ये अमेरिकेनं आयातशुल्कं जाहीर केली, डॉलर घसरला. आपला रुपया बराचसा डॉलरच्या आजूबाजूनं चालतो, त्यामुळे डॉलर युरोसमोर पडला की रुपयाही पडतो. जुलैत भाव १०० ला टेकला. त्याच ११,९०४ युरोंचे आता अकरा लाख नव्वद हजार. एक लाख एकोणीस हजारांचा फरक, आणि मी मधल्या काळात काहीही केलेलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, "हे तुमच्या पुस्तकात असतं का गं?" असतं. मंडेल-फ्लेमिंगच्या प्रतिमानात अगदी हेच असतं : सरकारनं खर्च वाढवला, भांडवल मोकळेपणानं फिरत असलं आणि विनिमय दर तरता, म्हणजे बाजारावर सोडलेला असला, की चलन महागतं. परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलं होतं. त्याचं बिल आमच्या दांडिया बाजारातल्या घरी येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कर्जासाठी साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण लागतं. आजोबा घराचे कागद द्यायला तयार नव्हते, ते बरोबरच होतं. बाबांची मुदतठेव तारण ठेवली. बँका परदेशी शिक्षणाच्या खर्चातला सुमारे १५ टक्के वाटा स्वतःचा दाखवायला सांगतात. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभरानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. ते जमेल तसं आधीच भरत गेलं तर पुढचा भार बराच हलका होतो. बँकेतल्या साहेबांचा प्रश्न ठरलेलाच : "इकॉनॉमिक्स करून पुढे काय?" समोर बसून माझं कर्ज मोजणारा माणूस हे विचारतो, याची मला मोठी गंमत वाटली.

बडोद्यातून अर्थशास्त्रासाठी बाहेर जाणं काही नवं नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, ते कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. करार असा, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला आले, तर जातीमुळे या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतूनही हुसकावून लावल्यावर काही दिवसांतच ते शहर सोडून गेले. कमाटीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे याच प्रसंगाचं स्मारक, आम्ही शाळेच्या सहलीत पाहिली होती. पण १९२१ मध्ये बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठातही अर्थशास्त्रासाठी नाव नोंदवलं होतं, हे मला प्रवेशपत्र आल्यानंतर वाचायला मिळालं. तिथं ते फार काळ राहिले नाहीत, लंडनमधलं शिक्षण चालूच होतं. आमच्या बडोद्यात शिष्यवृत्तीबद्दल अभिमानानं बोलतात. खाणावळीचा विषय निघाला की आवाज जरा खाली जातो.

व्हिसाचे कागद आता आधी ऑनलाइन चढवायचे आणि मग केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. मी अहमदाबादला गेले. १ जुलै २०२५ पासून नियम बदलला. नकार आला तर पूर्वी फुकट फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो बंद झाला. आता नव्यानं अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जा. म्हणून हेतुपत्र दोनदा नाही, दहादा वाचावं. माझ्या हेतुपत्रात "लहानपणापासून आवड" हे शब्द नव्हते. कुठले पेपर झाले, बॉनमधले कुठले विषय त्यांच्या पुढचे आहेत आणि कर्ज कसं फेडणार, एवढंच होतं.

बॉनला ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात नगरपालिकेत पत्ता नोंदवणं, आरोग्य विमा, बँक खातं. ९९२ युरोंचं काय होतं ते लवकरच कळतं : विद्यार्थी वसतिगृहाची खोली मिळाली तर साडेतीनशे-चारशे, विमा सव्वाशे ते दीडशेच्या मध्ये, आणि घरात रेडिओ-टीव्ही असो वा नसो, प्रसारण शुल्क १८.३६ युरो प्रत्येक घराला. खोली मिळायला नशीब लागतं. अर्ज प्रवेशाच्या आधीच करून ठेवावा.

पहिल्या सत्रातलं सूक्ष्म अर्थशास्त्र म्हणजे सिद्धतांचा मारा. मागणीचा वक्र खाली का उतरतो हे आपल्याकडे चहा-कॉफीच्या उदाहरणानं शिकवतात. इथं पसंतीक्रमाच्या गृहीतकांपासून सुरू करून तो नेहमी उतरेलच असं नाही, हे आधी सिद्ध करायला लावतात. सोबतचे जर्मन आणि इटालियन विद्यार्थी हे पदवीतच करून आलेले. दर आठवड्याला गणितांचा संच येतो, तो गटात सोडवायचा. आमच्या गटात एक तुर्की मुलगी, एक कोलंबियन मुलगा आणि मी, इकॉनोमेट्रिक्स माझ्याकडे.

गेम थिअरीसाठी १९९४ चं नोबेल नॅश आणि हार्सानी यांच्याबरोबर मिळवणारे राइनहार्ड झेल्टन इथले प्राध्यापक होते. १९८४ मध्ये त्यांनी सुरू केलेली प्रायोगिक अर्थशास्त्राची प्रयोगशाळा अजून चालते, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्यांना रोख पैसे मिळतात. मी जाते. पडद्यासमोर बसायचं आणि अनोळखी माणसाबरोबर पैसे कसे वाटून घ्यायचे ते ठरवायचं. एकदा समोरच्यानं दहातले दोनच देऊ केले. पुस्तकाप्रमाणे शून्यापेक्षा दोन बरे, पण मी नाकारले आणि दोघांनाही काही मिळालं नाही. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरं केलंस."

फेब्रुवारीतल्या परीक्षांचे निकाल लागले. इकॉनोमेट्रिक्सला १.७, स्थूलला २.३, सूक्ष्मला ३.३. सूक्ष्म निघालं हेच खूप आहे, असं वरच्या वर्गातले सांगतात. आता एका प्राध्यापकांकडे विदा (डेटा) स्वच्छ करून द्यायचं विद्यार्थी-सहायकाचं काम मिळालंय. आठवड्याला दहा तास. पहिला पगार आला की त्यातून बडोद्याच्या कर्जाचं व्याज भरायला सुरुवात करणार आहे, आणि यावेळी युरो महाग असणं माझ्या बाजूनं आहे.