भुसारी दुकानातली तारामती

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की सभामंडपासमोर पडदा लागतो आणि मध्यरात्र उलटल्यावर मराठी नाटक सुरू होते. माझ्या लहानपणी स्त्री-भूमिका गावातले पुरुषच करीत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एका जत्रेला हरिश्चंद्राची कथा लागली होती आणि तारामती झाले होते आमच्या वाड्यावरचे भुसारी दुकान चालवणारे गृहस्थ. त्याच दिवशी सकाळी आत्याने त्यांच्याकडून उकडे तांदूळ घेतले होते. सर्पदंशाने मेलेल्या रोहिदासाला मांडीवर घेऊन तारामती स्मशानात बसली, तेव्हा आत्या पदराने तोंड झाकून हुंदके देऊ लागली. मी घाबरून तिच्या कानाशी म्हटले, ‘‘आत्या, ते तर आपले दुकानदार आहेत.’’ ती म्हणाली, ‘‘ठाऊक आहे रे. पण पोर गेलं ना तिचं!’’

कथेतील माणसांसाठी आपण का रडतो, या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित उत्तर असे आहे की कथेत रमलेला माणूस ते खोटे आहे हे तेवढ्यापुरते विसरतो. आत्याच्या वाक्याने हे उत्तर माझ्यासाठी कायमचे बाद झाले. ती काहीही विसरलेली नव्हती. विसरली असती तर धावत रंगमंचावर गेली असती, निदान सर्पदंशावर उपचार करणाऱ्या वैद्याला बोलवा म्हणून ओरडली असती. शोक खरा आणि मृत्यू खोटा, हे दोन्ही तिच्या मनात एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता नांदत होते. कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ साली नेमका हाच पेच मांडला आणि जी व्यक्ती अस्तित्वातच नाही हे आपल्याला माहीत आहे तिच्याबद्दल शोक करणे विसंगत आहे, असा निष्कर्ष काढला. त्याचा प्रश्न मला मोलाचा वाटतो, निष्कर्ष मात्र पटत नाही.

या पेचाचा विचार आपल्याकडे फार आधी झाला होता. नाट्यातील भावाचा आस्वाद, म्हणजे रस, कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या भरतमुनींच्या रससूत्राचे विवरण करताना शंकुक या जुन्या टीकाकाराने चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला आहे. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. पण हे ज्ञान खरे नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे आणि ‘घोड्यासारखे काहीतरी’ असे नुसते साम्यही नव्हे. ते या चारही प्रकारांहून वेगळे असे ज्ञान आहे. भुसारी दुकानातली तारामती ही आत्यासाठी अशीच चित्रातली घोडी होती, असे मी म्हणेन.

मनाची ही तयारी किती मूलभूत आहे, हे फ्रिट्झ हायडर आणि मारियन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली दाखवले. त्यांच्या लहानशा चित्रफितीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट, एवढेच हलत असते. ती पाहणाऱ्या ३४ जणांच्या गटात फक्त एकाने ‘त्रिकोण सरकला, वर्तुळ आत गेले’ असे भूमितीच्या भाषेत वर्णन केले. इतरांना तेथे भांडणारे, पळणारे, घाबरलेले जीव दिसले. त्रिकोणाला मन देणाऱ्या माणसाला साडी नेसलेल्या दुकानदारात तारामती दिसली, यात नवल ते काय?

पण मन देणे आणि हुंदका येणे यांत अंतर आहे, आणि मला खरे कुतूहल त्या अंतराचे आहे. आत्याचा पहिला मुलगा वर्षाचा होण्याआधीच गेला होता. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले, कारण आमच्या घरात त्याचे नाव कोणी काढत नसे. रससूत्राचे आणखी एक भाष्यकार अभिनवगुप्त यांनी आपल्या आधीच्या भट्टनायकांकडून साधारणीकरणाची, म्हणजे भाव कोणा एकाचा न राहता सर्वांचा होण्याची, कल्पना घेऊन असे म्हटले आहे की नाट्यातील भाव ‘हा माझा’, ‘हा शत्रूचा’, ‘हा त्रयस्थाचा’ अशा कोणत्याच संबंधाने बांधलेला नसतो आणि म्हणूनच तो आस्वाद्य होतो. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे त्यांनी रसातले एक विघ्न मानले आहे. एडवर्ड बुलो या सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने १९१२ साली कलेला लागणाऱ्या मानसिक अंतराविषयी लिहिताना जवळपास हेच सांगितले: बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याने संशयी नवऱ्याचे नाटक पाहिले, तर तो नाटक न पाहता स्वतःचीच जखम उकरत बसेल.

मग आत्याला त्या रात्री रस मिळालाच नाही, असे म्हणायचे का? येथे मी या थोर आचार्यांपुढे नम्रपणे थबकतो. माझी समजूत अशी आहे की तिचे दुःख तिचेच होते, पण त्या मंडपात ते तिच्या एकटीचे राहिले नाही. ‘माझा मुलगा’ म्हणून रडली असती तर घरच्यांनी विषय बदलला असता, कोणीतरी पाणी आणले असते, झाले गेले विसर असे सांगितले असते. तारामतीसाठी रडताना तिला कोणाला काही समजावून सांगावे लागत नव्हते आणि शेजारच्या बायकाही रडतच होत्या. अंतर राखायला हार्मोनियम होती, चेहऱ्यावरचा रंग होता आणि भाषाही होती. आम्ही घरात कोकणी बोलतो; तारामती मात्र पल्लेदार, ग्रंथातल्या मराठीत विलाप करीत होती. कीर्तनात आणि आरतीत ऐकलेली ती भाषा परकी नव्हती, पण स्वयंपाकघरातलीही नव्हती, आणि तेवढ्या अंतरामुळेच आत्याला स्वतःच्या दुःखाजवळ जाता आले असावे.

कथा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती वाढते, असे २०१३ साली गाजलेले एक संशोधन सांगत होते; पुढे इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम सर्वांना आढळला नाही. मला त्याची खंत वाटत नाही. आत्या त्या रात्रीनंतर अधिक समंजस झाली की नाही, हे मोजण्याची मला गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन त्याच दुकानात गेली. दुकानदारांच्या कानामागे थोडा रंग राहिला होता आणि घसा पुरता बसला होता. आत्याने गूळ आणि मिरी मागितली, पैसे दिले, आणि मग मिरीची पुडी त्यांच्याच हातात परत ठेवून म्हणाली, ‘‘रात्री पाण्यात उकळून घ्या. फार रडलात काल.’’