पथकाचा ढोल आणि इलेक्ट्रॉनिक किक: माझा अनुभव

मला पथकाचा ढोल आणि इलेक्ट्रॉनिक किक (डान्स म्युझिकमधला खालच्या सुरातला 'धप्प' ठोका) एकाच ट्रॅकमध्ये हवे होते. सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे तयार रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचात, ढोल ढिगाने मिळतात, पण नदीपात्रातला सराव ऐकत वाढलेल्या पुणेकराला ते पटत नाहीत. म्हणून ओळखीच्या पथकातल्या एका दादाला गळ घातली आणि बाकीचे वादक जमायच्या आत त्याचा एकट्याचा ढोल रेकॉर्ड केला.

ढोलाला दोन पानं, म्हणून माइकही दोन: एक हाताच्या थापेच्या बाजूला, एक टिपरूच्या म्हणजे काठीच्या. थाप पडली की ते पान आपल्या माइकपासून आत जातं आणि त्याच क्षणी समोरचं पान दुसऱ्या माइककडे बाहेर येतं. त्यामुळे दोन्ही ट्रॅक नुसते एकत्र वाजवले तर तळाचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी केली आणि ढोलाचा भरीवपणा लगेच परत आला. इक्वलायझरला हात लावण्याआधी हे बटण दाबून ऐकावंच. लेव्हल मुद्दाम कमी ठेवली होती, सगळ्यात जोरदार ठोकाही उणे १२ डीबीच्या आसपास (शून्याच्या वर गेला की आवाज फाटतो). २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर सहज वाढवता येतं. फाटलेली थाप मात्र पुन्हा जोडता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खोलीवर. कोथरूडमधली माझी खोली १० बाय १२ फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की खोलीत कुठली लहर अडकते ते कळतं. माझ्याकडे ती आली ५६ आणि ४७ हर्ट्झ. किकचा जीव नेमका याच पट्ट्यात असतो! या लहरी भिंतीशी फुगतात आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतात, म्हणजे खुर्ची सरकवली की मिक्स बदलला. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला अजूनही मिळतो. बासला त्यांनी काहीही फरक पडत नाही. मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून चौकटींसाठी लाकूड आणलं, आत चार इंच जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलं, वरून सुती कापड ताणलं आणि त्या चौकटी कोपऱ्यांत उभ्या केल्या. टेबल असं लावलं, की लांबीच्या दिशेने कान समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर यावेत. ४७ हर्ट्झ पूर्ण गेला नाही, पण किक कुठे संपते ते ऐकू यायला लागलं. प्लगइन विकत घेण्याआधी हा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

मग खरी वाटणी. ॲनालायझरवर थापेचा मूळ स्वर ७३ हर्ट्झजवळ दिसला, म्हणजे पाश्चात्त्य 'डी' स्वर. किक मी ४९ हर्ट्झच्या 'जी' स्वरावर लावली. दोघांत षड्ज-पंचमाचं नातं जुळलं आणि दोघांना बसायला वेगळी जागा मिळाली. ढोलाचा ५५ हर्ट्झखालचा भाग हलकेच कापला, तेवढं पुरलं. सिंथचा बास साइडचेन कंप्रेसरने, म्हणजे किक वाजली की बास आपोआप दबेल अशा जोडणीने, किकच्या मागे धाडला. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ मात्रांच्या लयीला) एक मात्रा ४८४ मिलिसेकंदांची असते. रिलीज, म्हणजे दबलेला बास परत वर यायचा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला की पुढच्या किकआधी बास सावकाश वर येतो. १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये सारखंच.

क्वांटाइझ, म्हणजे प्रत्येक ठोका संगणकाकडून लयीच्या अचूक चौकटीवर (ग्रिडवर) बसवून घेणं, मात्र केलं नाही. पथकाचा हात किंचित पुढे-मागे झुलतो आणि ढोल जिवंत वाटतो तो त्यामुळेच. प्रत्येक आवर्तनाची सम तेवढी ग्रिडवर आणली, मधले ठोके जसेच्या तसे.

मिक्स दादाला फोनवर पाठवला. फोनच्या स्पीकरवर ४९ हर्ट्झ वाजतच नाही, पण त्याने नेमकं हेरलं: "थाप झकास आलीये रे, टिपरू कुठे गेलं?" टिपरूचा टणत्कार आणि माझी हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांचा आवाज) एकाच वरच्या पट्टीत होती. टिपरू वाढवण्याऐवजी त्या आवर्तनांतून हाय-हॅटच काढली. आता ताशाचं रेकॉर्डिंग राहिलंय. त्याचा कडकडाट पाहता इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रावर) पॅड, म्हणजे आत येणारा आवाज कमी करणारं बटण, लावूनच बसावं लागणार.